अक्षर न येणाऱ्या बाईचा अभ्यास



मी बचत गटाची सहयोगिनी. गटाच्या बैठकीत अजून काही जणी अंगठा देतात आणि वर म्हणतात, "आमचं काय, आम्ही अडाणी." त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी बहिणाबाई चौधरींचा अभ्यास सुरू केला. शाळेत त्यांची कविता पाठ केली होती. त्यांचं आयुष्य मात्र मला ठाऊक नव्हतं.

आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे होऊन गेले. गावोगाव फिरून त्यांनी जुनी कागदपत्रं गोळा केली आणि इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. कागद असला की इतिहास सापडतो. पण जिला लिहिता-वाचताच येत नव्हतं, तिचा कागद कुठून आणायचा? ना पत्र, ना रोजनिशी.

म्हणून मी आधी पुस्तकं वाचून तारखा एका वहीत मांडल्या. जन्म 24 ऑगस्ट 1880, जळगावजवळच्या असोद्यात, महाजनांच्या घरी. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य. धाकटा सोपान 1907 चा. म्हणजे वडील गेले तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा. थोरल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलेलं. मुलगी काशी. हा हिशेब वहीत मांडला आणि माझा हात थांबला. 'संसार' हा शब्द त्या बाईनं कशातून उचलला, ते मला तेव्हा कळलं.

मग भाषेचा प्रश्न आला. माझं माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी. मला वाटायचं, बहिणाबाईंची गाणीही अहिराणीच. तसं नाही. ती जळगावकडची लेवा गणबोली. 'घरोट' या शब्दावर मी अडले. शेवटी गटातल्या एका आजींना विचारलं. त्या हसल्या, "अगं, घरोट म्हणजे जातं!" अंगठा देणाऱ्याच आजी त्या. त्या दिवशी मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

चौधरी वाड्यातलं बहिणाबाईंचं घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. तिथल्या त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहिल्या की कळतं, ही कविता टेबलावर नाही झाली. दळता-कांडता, शेतात राबता झाली.

पण ती आपल्यापर्यंत आली कशी? मुलगा सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि मावसभावानं आईची गाणी ऐकता ऐकता उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. पुढं सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. आणि जी उतरवली गेली नाहीत, ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अक्षर न येणाऱ्या बाईचं नाव आज खान्देशच्या मुलींच्या पदवीवर छापलं जातं.

हे वाचताना मला माझी मोठी माय आठवत राहिली. पहाटे जात्यावर ती ओव्या म्हणायची. मी बी.ए.ला होते तेव्हा ती गेली. माझ्याकडे इतिहासाच्या नोट्सच्या चार वह्या होत्या. त्यात लढाया होत्या, तह होते, राजांची नावं होती. मोठ्या मायची एक ओवीही नव्हती. आज चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. घरात लिहिता येणारी मीच होते.

म्हणून आता आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मागची दहा पानं राखून ठेवली आहेत. कर्जाचे हप्ते लिहून झाले की एकीनं एक ओवी, एक म्हण किंवा एक जुना शब्द सांगायचा, आणि लिहिता येणारीनं तो उतरवून घ्यायचा, सांगणारीच्या नावासकट. पहिल्या ओळीत आजींचं नाव आहे, आणि त्यापुढे शब्द: घरोट.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोण गातं? आज संध्याकाळी तिच्याजवळ वही घेऊन बसा.