आडनावाचा रकाना आणि उंबेर्तो एकोचे आजोबा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री निवांत वाचा.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. बालगृहात वाढलेला एक मुलगा माझ्याकडे आला. वय एकोणीस-वीस. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही, त्याला ते नको आहे. हातात प्लास्टिकची फाईल. एका कागदावर त्याचं नुसतं नाव. दुसऱ्यावर नावापुढे संस्थेतल्या कुणीतरी लावून दिलेलं आडनाव. आणि तिसऱ्यावर आडनावाच्या जागी एक टिंब. खरंच टिंब. ऑनलाइन फॉर्म रकाना मोकळा ठेवू देत नव्हता, म्हणून नेटकॅफेवाल्या पोरानं टिंब टाकून फॉर्म पुढं ढकलला. आता टिंबामुळे नावात तफावत आणि तफावतीमुळे दाखला अडलेला. खिडकीवरच्या साहेबांनी वर विचारलं म्हणे, "आडनाव नसलेला माणूस असतो का रे?"

पोरगं बातमी लावा म्हणायला आलंच नव्हतं. त्यानं मला विचारलं, "दादा, लोक आडनाव आणतात कुठून?"

वीस वर्षं पत्रकारिता करतोय, पण या प्रश्नाचं उत्तर मला तिथं बसल्या बसल्या देता आलं नाही. घरी आलो आणि आठवला तो उंबेर्तो एको.

एको म्हणजे 'द नेम ऑफ द रोझ' लिहिणारा इटालियन लेखक. १९८० ची कादंबरी, १९८६ ला त्यावर शॉन कॉनरीचा सिनेमा आला. डिप्लोमा करत असताना आमच्या एका मास्तरांनी हे पुस्तक हातात कोंबलं होतं. तेव्हा अर्धं डोक्यावरून गेलं, पण लेखकाच्या आडनावाचा किस्सा मात्र लक्षात राहिला. 'एको' हे इटलीत अगदी मोजक्या लोकांचं आडनाव. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ प्रतिध्वनी. साहजिकच कुणालाही वाटेल की डोंगरदऱ्यात राहणारं घराणं असेल, हाक मारली की परत ऐकू येत असेल, त्यावरून पडलं असेल नाव. तसं काही नाही.

एकोचे आजोबा रस्त्यावर सापडलेलं, आईबापांचा पत्ता नसलेलं मूल होते. त्यांना आडनाव दिलं ते नगरपालिकेच्या एका कारकुनानं. एकोला स्वतःलाही त्याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. त्याच्या एका मित्राला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जुन्या लॅटिन संक्षेपांची यादी सापडली, त्यात ई-सी-ओ ही तीन अक्षरं होती : 'एक्स कायलिस ओब्लातुस'. आकाशानं दिलेला, स्वर्गातून अर्पण झालेला. म्हणजे त्या कारकुनानं मुलाच्या नावापुढे 'बेवारस' असं न लिहिता 'देवाची देणगी' असं लिहिलं, आणि तेही तीन अक्षरांत लपवून. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसणार फक्त 'प्रतिध्वनी'.

मला हा कारकून फार आवडतो. त्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही. सरकारी खुर्चीत बसून माणूस काय करू शकतो, एवढं त्यानं दाखवून ठेवलंय.

आता गंमत बघा. ते आजोबा पुढं छापखान्यात खिळे जुळवणारे झाले. आमच्याच धंद्यातले म्हणायचे! निवृत्तीनंतर पुस्तकं बांधून द्यायचे. ते गेले तेव्हा बांधायला आलेली आणि कुणी परत न नेलेली पुस्तकं पेटीत भरून एकोच्या घरच्या तळघरात आली आणि लहानगा उंबेर्तो तीच वाचत मोठा झाला. त्याचे वडील जुलिओ हिशेबनीस, तेरा भावंडांतले एक. घर उत्तर इटलीतल्या पिएमोन्ते प्रांतातलं, गाव आलेसांद्रिया. एका कारकुनानं एका मुलाला दिलेलं आडनाव, त्या मुलाच्या घरी तेरा पोरं. दुर्मिळ आडनाव तगतं ते असं. त्या आजोबांना सगळ्या मुलीच झाल्या असत्या तर? इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव ठेवते, पण मुलांना परवापरवापर्यंत बापाचंच मिळायचं. म्हणजे पुढच्या पिढीत 'एको' संपलं असतं.

पण एकोच्या आजोबांचं नशीब सगळ्यांना लाभलं नाही. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

इटलीत आडनावं कागदावर पक्की व्हायला लागली ती सोळाव्या शतकात. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ साली संपली. तिनं प्रत्येक चर्चला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवायला लावलं. वही आली की रकाना आला आणि रकाना आला की तो भरायला काहीतरी लागतं. ज्याला बाप आहे त्याला बापाचं नाव, गावाचं नाव, धंद्याचं नाव. आपल्याकडच्या कुलकर्णी-लोहार-पुणेकरांसारखंच. पण ज्याला कुणीच नाही त्याचं काय?

आणि असे 'कुणीच नसलेले' थोडेथोडके नव्हते. मोठमोठ्या शहरांत अनाथालयांच्या भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं असायचं. इटालियनमध्ये त्याला 'रुओता' म्हणतात, म्हणजे चाक. पिंप एका बाजूनं उघडं. बाहेरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आतली बाई बाळ उचलून घेते. बाळ ठेवणाऱ्याचं तोंड तिला दिसत नाही. पोप तिसरा इनोसंट यानं रोममध्ये, तिबेर नदीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात मेलेली अर्भकं सापडतात म्हणून ही सोय सुरू केली, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे.

बाळ सोडणाऱ्या बहुतेक बिनलग्नाच्या बाया, हे खरं. अब्रूचा धाक, घरच्यांचा धाक, पाद्र्याचा धाक. बापाला कुणी काही विचारत नसे, हे वेगळं सांगायला नको. पण डेव्हिड कर्टझर या अमेरिकन अभ्यासकाचं १९९३ चं पुस्तक याच विषयावर आहे. त्यात दिसतं की मिलानसारख्या शहरांत लग्न झालेली गरीब जोडपीसुद्धा मोठ्या संख्येनं मुलं चाकात ठेवत होती. खायला नाही, आई कारखान्यात, पाजणार कोण?

फ्लॉरेन्समधलं अनाथालय तर जगप्रसिद्ध आहे. 'ओस्पेदाले देल्यी इनोचेंती', म्हणजे निष्पापांचं रुग्णालय. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं पैसा दिला, ब्रुनेलेस्कीनं नकाशा काढला, १४१९ ला काम सुरू झालं. ५ फेब्रुवारी १४४५ ला पहिलं बाळ आलं, मुलगी होती, नाव ठेवलं आगाता. आज तिथं संग्रहालय आहे. तिथल्या छोट्या छोट्या खणांत बाळांसोबत सापडलेल्या खुणा जपून ठेवल्यात. मधोमध तोडलेलं पदक, मणी, कापडाचा तुकडा. अर्धं पदक बाळाच्या गळ्यात, अर्धं आईजवळ. कधी परिस्थिती सुधारली तर येऊन जुळवता यावं म्हणून. जी अर्धी पदकं आज खणांत आहेत, ती न जुळलेली आहेत.

आता मूळ मुद्दा, आडनावांचा नकाशा. प्रत्येक शहराची देण्याची पद्धत वेगळी होती, त्यामुळं आडनाव ऐकलं की कुठल्या शहराच्या चाकातून ते आलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

नेपल्सला आनुन्त्सियाता नावाच्या चर्चला लागून अनाथालय होतं. तिथल्या मुलांना 'एस्पोझितो', म्हणजे उघड्यावर टाकलेला. आज नेपल्स आणि भोवतालच्या कांपानिया प्रांतात हे सर्वात जास्त आढळणारं आडनाव आहे. रोमकडे 'प्रोयेत्ती', लॅटिनमधून आलेलं, अर्थ सरळ 'फेकलेले'. जीजी प्रोयेत्ती हा रोमचा लाडका नट २०२० साली वारला, तो याच आडनावाचा. फ्लॉरेन्सच्या बाजूला 'इनोचेंती' आणि 'नोचेंतीनी'. सिसिलीत 'त्रोवातो', सापडलेला. बोलोन्यात 'देल्यी एस्पोस्ती'. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर, म्हणून तिथली मुलं 'कोलोंबो'. मिलानमध्ये हे १८२५ पर्यंत चाललं.

इथं एक सूचना. 'कोलोंबो' ऐकून लगेच कोलंबस अनाथ होता असा फॉरवर्ड कुणी बनवू नका. तो जेनोव्हाचा, बाप विणकर, सगळं नोंदलेलं आहे. कबुतरावरून पडलेलं हे आडनाव इतर कारणांनीही आलेलं आहे. प्रत्येक कोलोंबो चाकातला नसतो.

हे आडनाव शहरातून खेड्यात गेलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. अनाथालयात इतक्या बाळांना पाजायला दाया कुठून आणणार? म्हणून बाळं खेड्यापाड्यांतल्या बाळंतिणींकडे पैसे देऊन ठेवली जात. कित्येक संस्थांत निम्म्याहून जास्त मुलं लहानपणीच दगावत. जी जगली त्यातली बरीच त्याच खेड्यात गडी म्हणून, सालदार म्हणून राहिली, तिथंच लग्न झालं. आज नकाशावर शहराभोवती हे आडनाव जे पसरलेलं दिसतं, त्यात दूध पाजणाऱ्या बायांच्या गावांचा मोठा वाटा आहे. त्या बायांची आडनावं मात्र कुणाला लागली नाहीत.

आणि छळ? तो होताच. 'एस्पोझितो' म्हटलं की सोयरीक जुळताना नाकं मुरडली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा म्यूरा होता. त्याच्या राजवटीत नव्या अनाथ मुलांना हे आडनाव देणं बंद झालं. मग कारकून महिन्यांची, फुलांची, गावांची नावं जोडू लागले. कुणी आडनावातच आशीर्वाद घातला : 'दिओतालेव्ही', देव तुला वाढवो. एकोनं १९८८ च्या 'फूकोज पेंड्युलम'मध्ये या आडनावाचं पात्र घातलंय. त्याचे आजोबाही सापडलेले. तो स्वतःला ज्यू समजतो आणि मित्र त्याला म्हणतात, अरे बाबा, तुझं आडनाव अनाथांना देतात ते आहे. हे लिहिताना एकोला स्वतःचे आजोबा आठवले नसतील असं मला वाटत नाही.

नेपल्स आणि फ्लॉरेन्स, दोन्हीकडची चाकं १८७५ साली बंद झाली. त्याच १८७५ साली आपल्या पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी टाकून दिलेल्या बाळांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढं नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. वारीच्या गावात तो का लागला, हे ज्यांनी यात्रा जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको. त्याच्याही आधी १८६३ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. त्याला नवं आडनाव शोधत बसले नाहीत, स्वतःचंच दिलं. यशवंत फुले.

इटलीत कायद्यानं मग हळूहळू सुधारणा झाली. पूर्वी तिथल्या ओळखपत्रावर बापाचं नाव लिहावं लागे आणि बाप अज्ञात असेल तर दोन अक्षरं लिहीत, 'एन. एन.', नाव ठाऊक नाही. शाळेत, लष्करात, नोकरीत ती दोन अक्षरं माणसाच्या मागं फिरायची. १९५५ च्या कायद्यानं ती गेली. २००० सालच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की आईवडील माहीत नसलेल्या मुलाला त्याचं मूळ उघड होईल असं नाव किंवा आडनाव देता येणार नाही. २०२२ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं बापाचं आडनाव आपोआप लागायची पद्धतच मोडीत काढली, आता दोघांचं लागतं, किंवा ठरवलं तर एकाचं. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, आणि अनाथांसाठी एक टक्का आरक्षण २०१८ सालीच आलंय. कागद बदलतात. खिडकीवरचा माणूस बदलायला वेळ लागतो.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्यानं एकोचा फोटो बघितला, दाढीवाला, जाड भिंगाचा चष्मा. म्हणाला, "ह्याला कुणी जात विचारली नसंल." मी म्हटलं, तिकडं जात नाही विचारत, पण एस्पोझितोला नाकं मुरडतच होते की. तो म्हणाला, "त्यांना निदान आडनावावरनं काहीतरी कळत होतं. माझ्यावरनं काय कळत नाही, म्हणून राग येतो लोकांना."

यावर मला काही बोलता आलं नाही.

राजपत्रातून नाव बदलून घ्यायचं ठरवलंय त्यानं. कुठलं आडनाव घ्यायचं ते अजून पक्कं नाही. बालगृहातल्या स्वयंपाकवाल्या मावशींचं घ्यावं असं त्याच्या मनात आहे, पण मावशींच्या घरच्यांना चालेल का, हे विचारायला तो लाजतोय. मी म्हटलं, मी येतो बरोबर. रविवारी जाणार आहोत. टिंबाचं काम वेगळंच, त्यासाठी सोमवारी पुन्हा त्याच खिडकीवर उभं राहायचंय. कुणाला या कामातली माहिती असेल, विशेषतः वकील मंडळींना, तर इनबॉक्समध्ये लिहा. मुलगा कोण, कुठल्या बालगृहातला, हे कमेंटमध्ये विचारू नका.