'वाल्ह': परक्याला दिलेलं नाव

आज आपण एकाच शब्दाच्या मागे जाणार आहोत. युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ब्रिटनमध्ये वेल्स आणि कॉर्नवॉल, बेल्जियममध्ये वॅलोनिया, रुमानियात वालाकिया. या प्रदेशांच्या भाषा वेगवेगळ्या. पण चारही नावांत एकच जुना शब्द दडलेला आहे. आणि तो तिथल्या लोकांनी स्वतःसाठी निवडलेला नाही. तो शेजाऱ्यांनी त्यांना चिकटवला.

सुरुवात कुठून होते? ज्युलियस सीझरने इ.स.पू. पहिल्या शतकात व्होल्के नावाच्या एका केल्टिक जमातीचा उल्लेख केला आहे. ही माणसं जर्मानिक टोळ्यांच्या शेजारी राहत होती. त्यांच्याच नावावरून जर्मानिक भाषांत 'वाल्हाझ' हा शब्द आला, असं बहुतेक भाषाभ्यासक मानतात. हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही. नंतरच्या भाषांची तुलना करून ते बांधलेलं आहे. आधी एक जमात, मग सगळेच केल्ट, आणि गॉल प्रांत रोमच्या ताब्यात गेल्यावर लॅटिन बोलणारेही 'वाल्ह' झाले. मात्र प्रत्येक परका वाल्ह नव्हता बरं का. पूर्वेच्या स्लाव्ह लोकांना जर्मन भाषक 'वेंड' म्हणत. म्हणजे वाल्ह कोण, तर रोमच्या बाजूचा परका.

आता ब्रिटनमध्ये येऊ. पाचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन लोक तिथे वस्ती करू लागले आणि आधीपासून राहणाऱ्या ब्रिटनांनाच ते 'वेआल्ह' म्हणू लागले. आलेला माणूस घरातल्याला परका म्हणतोय! हा नुसता शब्दाचा खेळ नव्हता. वेसेक्सचा राजा इने याचे सातव्या शतकाच्या अखेरचे कायदे बघा. माणूस मारला गेला तर त्याच्या नातलगांना भरपाई द्यावी लागे. साध्या स्वतंत्र सॅक्सन शेतकऱ्याची भरपाई २०० शिलिंग. कर भरणाऱ्या वेआल्हची १२०. पुढे पुढे याच शब्दाला 'गुलाम' असाही अर्थ आला. वेल्समधली माणसं मात्र स्वतःला 'कम्री' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'एकाच भूमीचे', म्हणजे देशबांधव.

पूर्वेला हाच शब्द स्लाव्ह भाषांनी उचलला. पोलिश भाषेत इटलीला आजही 'व्वोखी' म्हणतात. हंगेरियनमध्ये त्याची दोन रूपं झाली: 'ओलास' म्हणजे इटालियन, आणि 'ओलाह' हे रुमानियन माणसाचं जुनं नाव. बाल्कनमध्ये लॅटिनपासून निघालेल्या बोली बोलणारे ते 'व्लाख'. त्यांच्यातले बरेच जण मेंढरं राखत, म्हणून मध्ययुगीन सर्बियात व्लाख म्हणजे मेंढपाळ असाही अर्थ झाला. पुढे दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे शहरी लोक आतल्या भागातल्या खेडुतांना, तर बोस्नियातले मुसलमान आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना व्लाख म्हणू लागले. हे शेजारी तर त्यांचीच भाषा बोलत होते! भाषा गेली, धंदा गेला. उरला फक्त 'आपल्यातला नाही' एवढाच अर्थ.

आता यात इतिहासाचा प्रश्न कुठे येतो? बाल्कनमध्ये राष्ट्रं उभी राहिली तेव्हा 'ही भूमी मूळची कुणाची' यावर जोरदार वाद झाले, आणि जुन्या कागदांतला 'व्लाख' पुरावा म्हणून पुढे केला गेला. पण एका कागदात तो भाषा सांगतो, दुसऱ्यात धंदा, तिसऱ्यात धर्म. सगळीकडे एकच अर्थ लावला, की मेंढपाळांवरचा कर ठरवणारा कागद एका राष्ट्राचा सातबारा होऊन बसतो.

जाता जाता दोन गोष्टी. इंग्रजीत अक्रोडाला वॉलनट म्हणतात, तेही याच शब्दावरून. गॉल-इटलीकडून आलेलं, परक्यांचं फळ. आणि १३०५ मध्ये लंडनमध्ये ज्याला मारलं, तो स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर विल्यम वॉलेस. त्याच्या आडनावाचा मूळ अर्थही 'वेल्श' किंवा 'परका' असाच. आज स्कॉटलंडमध्ये त्याच्याइतकं आपलं कुणी नाही.

तेव्हा जुन्या कागदात एखाद्या समाजाचं नाव दिसलं, की आपण आधी विचारायचं: हे लिहितंय कोण, आणि त्या लोकांचं स्वतःचं नाव काय होतं? आज इथेच थांबू.