तारेने दात कसा चालवला

भायखळा स्थानकावरून पश्चिमेकडे चालत गेले, की थोड्याच अंतरावर नायर रुग्णालय लागते. 1933 साली सुरू झालेले नायर दंत महाविद्यालय आज महानगरपालिका चालवते. वेडेवाकडे दात तारेने सरळ करण्याची विद्या जेथे शिकवली जाते, त्यांपैकी हे एक ठिकाण. तार दात ओढते, असे आपण समजतो. पण ओढणे हा या विद्येतला सर्वांत सोपा भाग. दात मुळासकट, उभाच्या उभा, हव्या त्या जागी नेणे कठीण; आणि ते साधायला पाऊणशे-शंभर वर्षे लागली.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दाताला हलका दाब दिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागे नवे हाड भरून येते. सांडस्टेट या स्वीडिश संशोधकाने 1904-05 च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर हे दाखवले. त्यालाच असेही दिसले, की जोर फाजील झाला तर पडद्यातले रक्त थांबते, तेथील पेशी मरतात आणि दात अडून बसतो. जोर वाढवला म्हणजे काम लवकर उरकेल, हा हिशेब येथे उलटा पडतो. महिन्याला एक मिलिमीटर ही चाल चांगलीच म्हणायची!

पॅरिसच्या फोशारने 1728 च्या ग्रंथात धातूची पट्टी व दोरा वापरून दात ओढण्याची रीत दिली. अमेरिकेच्या एडवर्ड अँगलने प्रथम जाड कमान बसवून दात तिला बांधले. पण बांधलेला दात वरून कलतो आणि मूळ मागेच राहते. कुंपणाचा खांब डोक्याला धरून ओढावा तसे. गोल तार खाचेत नुसती फिरते, मुळावर तिची सत्ता चालत नाही. 1928 मध्ये अँगलने जे साधन प्रसिद्ध केले, त्यात दातावरच्या छोट्या कड्याला, म्हणजे ब्रॅकेटला, आयताकृती खाच होती: 22 सहस्रांश इंच रुंद, 28 सहस्रांश इंच खोल. तीत चौकोनी तार किंचित पीळ देऊन बसवायची. तार आपला पीळ सोडू पाहते आणि नटात अडकलेल्या पान्याप्रमाणे मुळाला वळवते. सारी मेख या चौकोनात आहे.

अँगल मोठा कल्पक, पण तितकाच हेकट. दात काढून जागा करणे त्याला मुळीच मान्य नव्हते. त्याचाच शिष्य ट्वीड याने पुढे बिघडलेल्या रोग्यांवर दात काढून पुन्हा उपचार केले. दुसरा शिष्य, ॲडलेडचा बेग, याने 1950 नंतर बारीक गोल पोलादी तारेची हलक्या जोराची पद्धत रूढ केली: आधी दात कलू द्यायचा, मग मूळ सरळ करायचे. भारतातही ही पद्धत पुष्कळ वर्षे शिकवली गेली. 1965 मध्ये इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. एच. डी. मर्चंट.

बारीक तारेचा एवढा आग्रह का? गोल तारेची जाडी दुप्पट केली, की तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. म्हणून वैद्य आरंभी केसासारखी तार घालतो आणि दात ओळीत आल्यावरच जाड, चौकोनी तारेकडे वळतो. पुढे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निकेल-टायटॅनियम मिश्रधातू सापडला आणि 1970 नंतर तो दंतवैद्यांच्या हाती आला. त्याची तार पुष्कळ वाकूनही हलकाच जोर देत राहते. त्याच दशकात अँड्र्यूजने प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटमध्येच घडवला. तारेला दर दातापाशी वाक देण्याचे वैद्याचे कष्ट बरेच वाचले. 1955 मध्ये बुओनोकोरेने आम्लाने दाताची चकाकी खरखरीत करून राळ चिकटवण्याची युक्ती दाखवली होती. तिच्यामुळे दर दाताला पट्टा ठोकण्याची पाळीही टळली.

तारा निघाल्या की घरच्यांना वाटते, सुटलो! परंतु हिरड्यांतले तंतू नव्या जागेला रुळायला वर्षभरही घेतात, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे खेचत असतात. काढता येणारी पट्टी त्यानंतरही लावायची असते, ती याचसाठी.