दुचाकीची पुढची काच आणि अकोल्याचे रस्ते

दुचाकीच्या हँडलपुढे काच किंवा फायबरचे आवरण दोन कारणांनी बसवले जाते. वेगात वाऱ्याचा विरोध कमी करणे हे एक, आणि स्वाराच्या अंगावर येणारा वारा, पाऊस, धूळ व थंडी अडवणे हे दुसरे. युरोपात या आवरणाला पहिल्या कारणाने आकार दिला. महाराष्ट्रात ते दुसऱ्या कारणाने आले आणि पहिले कारण त्याला बऱ्याच उशिरा चिकटले. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात हा क्रम स्पष्ट दिसतो. या तालुक्याला रेल्वे नाही. कोल्हार-घोटी राज्यमार्ग संगमनेरकडून येतो आणि अकोले, राजूर, शेंडी करत बारीवरून घोटीकडे उतरतो. या एका रस्त्यावर हवामान बदलत जाते. अकोले गावाच्या आसपास पाऊस बेताचा, तर पश्चिमेला घाटघर-भंडारदऱ्याकडे त्याच्या कितीतरी पट. तिथे पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुके हटत नाही.

युरोपातला इतिहास शर्यतींचा आहे. इटलीच्या मोटो गुझ्झी कंपनीने १९५० साली मांदेल्लो देल लारियो येथे स्वतःचा वायुबोगदा बांधला आणि गाडी वाऱ्यासमोर धरून तिच्या आवरणाचा आकार ठरवायला सुरुवात केली. त्यातून पुढचे चाकही झाकून टाकणारी मोठी आवरणे निघाली. सरळ रस्त्यावर त्यांचा फायदा मोठा होता, पण बाजूचा वारा त्या रुंद पृष्ठभागावर आदळला की गाडी रेषा सोडून सरके. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर अशा आवरणांवर बंदी घातली. ब्रिटनच्या रॉयल एनफिल्डने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘एअरफ्लो’ नावाचे फायबरग्लासचे आवरण रोजच्या वापराच्या गाड्यांवर दिले. त्याच कंपनीची बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळवली जात होती, मात्र एअरफ्लो इथल्या बुलेटवर आले नाही. पुढची कित्येक दशके भारतीय बुलेट उघड्या अंगानेच धावली.

ते आले नाही म्हणून फारसे बिघडलेही नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी ४५ किलोमीटरवरून ९० वर जायचे तर केवळ हवेसाठी आठपट शक्ती खर्च होते. उलट बोलायचे तर ताशी ४५ ला हवा हा मोठा शत्रू नसतो. त्या काळच्या अरुंद, खडीच्या रस्त्यांवर शत्रू होते ते धूळ, चिखल आणि पहाटेचा गारठा.

या शत्रूंवरचा उपाय मोटारसायकलीकडून नव्हे, स्कूटरकडून आला. व्हेस्पा १९४६ साली इटलीत आली. तिचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमानांचे अभियंते होते आणि मोटारसायकल त्यांना आवडत नसे. इंजिन झाकलेले, पाय ठेवायला सपाट जागा आणि समोर पत्र्याची रुंद ढाल ही त्यांची रचना. कपडे न मळता कामावर पोचता यावे, हा तिचा हेतू. बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी आकुर्डीत ही स्कूटर बनवायला घेतली. परवान्याची मुदत १९७१ साली संपली आणि १९७२ पासून चेतक आली. ढालीमुळे गुडघे-पाय झाकले जात, छाती मात्र उघडी राही. ती उणीव ॲक्रिलिकच्या काचेने भरून काढली. दुकानातून वेगळी घ्यायची आणि दोन नळ्या व क्लॅम्प लावून हँडलला कसायची, अशी ही काच. स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळायची, त्यामुळे मिळाली की तिला काच, सीटचे कव्हर आणि मागचे कॅरियर चढवण्यात घरचे सगळे लक्ष घालत. महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने दुचाकीला चढवलेले वाऱ्यापासूनचे पहिले चिलखत हेच होय. मोटारसायकलीच्या इतिहासांत स्कूटरची ही काच सहसा नोंदवली जात नाही, ही चूक आहे.

खेड्यापाड्यात काचेची चाल स्कूटरइतकी पसरली नाही. कायनेटिक इंजिनीअरिंगची लुना १९७२ साली आली. कंपनीचा कारखाना याच जिल्ह्यात, नगरला होता. लुनाला ना ढाल ना काच, आणि तिच्या वेगाला त्यांची गरजही नव्हती. दूध उत्पादक भागांत पुढे बजाजची एम-८० चालली. सहकारी दूध संघ आणि गावोगावची संकलन केंद्रे वाढली तशी दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली ही गाडी पहाटेच्या रस्त्यावर नित्याची झाली. हिवाळ्यात प्रवरेच्या खोऱ्यातली पहाट बोचरी असते. तरीही कॅन बांधताना आणि सोडताना हँडल इकडेतिकडे कलंडते, तिथे काच टिकत नाही. दूधवाल्यांचे चिलखत म्हणजे कानटोपी, मफलर आणि जाड जर्किन.

हीरो होंडाची सीडी-१०० आणि यामाहाची आरएक्स-१०० या दोघी १९८५ मध्ये बाजारात आल्या. एकीने कमी पेट्रोल पिण्यावर नाव कमावले, दुसरीने चपळाईवर. पुढचे आवरण दोघींनाही नव्हते. बदल दिसला तो २००० नंतर. बजाजची पल्सर २००१ च्या नोव्हेंबरात गोल दिव्यानिशी आली आणि २००३ च्या आवृत्तीत दिव्याभोवती छोटे आवरण व वर बोटभर काच आली. गॅरेजात या भागाला सरळ ‘डूम’ म्हणतात. वारा अडवण्याच्या दृष्टीने डूमचा उपयोग जेमतेम. त्याने गाडीचा चेहरा बदलला, आणि विक्रीला तेवढे पुरे होते. हीरो होंडाची करिझ्मा त्याच वर्षी अर्धी फेअरिंग, म्हणजे अर्धे आवरण, घेऊन आली. २००७ ची पल्सर २२० आली तेव्हा तिचे आरसेही फेअरिंगवर बसवलेले होते. २००८ साली यामाहा आर-१५ पूर्ण आवरणासह दाखल झाली.

आर-१५ चे इंजिन पाण्याने थंड होते, ही बाब आवरणाच्या निवडीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरून आणलेले पूर्ण आवरण चढवले, तर इंजिनाच्या फिनांवरून जाणारा वारा अडतो आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरवर इंजिन तापते. अशा गाडीला फक्त वरची काच किंवा अर्धी फेअरिंग लावावी. काचेची उंची स्वाराच्या नाकाशी किंवा हनुवटीशी संपावी. नजर काचेतून नव्हे, तिच्यावरून गेली पाहिजे. दुचाकीच्या काचेला वायपर नसतो, त्यामुळे राजूरच्या पुढे पाऊस लागला की उंच काचेतून काहीच दिसत नाही. जुन्या, चरे पडलेल्या काचेवर रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश फुटतो, तो त्रास वेगळाच. फार उंच काचेच्या मागे हवेची पोकळीही तयार होते आणि हेल्मेट गदगदा हलते. खालच्या बाजूला थोडी फट ठेवली की हे कमी होते.

काच कशाला कसली आहे, हा प्रश्न उंचीइतकाच मोठा. हँडलला कसलेल्या काचेवर आडवा वारा आदळला की तो सरळ हँडल वळवतो. चॅसीला बसवलेल्या फेअरिंगवर तोच जोर सगळ्या गाडीवर येतो, हँडल हातात राहते. शर्यतीतली बंदी ज्या आडव्या वाऱ्याने आणली, तो डोंगरातल्या उघड्या वळणांवर रोज भेटतो. म्हणून अशा रस्त्यांवर हँडलवरची काच लहान असलेली बरी. चॅसीला फेअरिंग लावायची तर मजबूत ब्रॅकेट हवे, नाहीतर खड्ड्यांत फायबर महिनाभरात तडकतो.

बसवण्याच्या कामात घाई नडते. ॲक्रिलिकला भोक हळू फिरणाऱ्या ड्रिलने आणि बोल्टपेक्षा किंचित मोठे पाडतात. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घालून नट बेतानेच आवळतात. कच्चून आवळलेल्या नटाशीच पहिली भेग सुरू होते. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबली ओढल्या जात नाहीत ना, ते पाहतात. पॉलिकार्बोनेट ॲक्रिलिकपेक्षा चिवट, पण त्यावर चरे लवकर पडतात. दोन्हींना पेट्रोलचा बोळा वर्ज्य. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेली काच घेणे सोयीचे. पुढे भारतीय झालेल्या रॉयल एनफिल्डने २०१६ साली हिमालयन ही मोटारसायकल आणली, ती कारखान्यातूनच लहान काच लावून. लांबच्या आणि डोंगरी प्रवासाला काच हवी, हे त्यामुळे एका भारतीय कंपनीच्या आराखड्यातच आले. पावसाळ्यात भंडारदऱ्याला येणाऱ्या शहरी स्वारांच्या गाड्यांवर अशा काचा दिसतात. तालुक्यातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर त्या क्वचितच आढळतात, कारण तिथे गवताचा भारा, खताची गोणी किंवा दुधाचा कॅन आधी बसवायचा असतो, आणि वारा-पाऊस अडवायला हेल्मेटची काच आहे.