‘ॲडजस्ट’चं हरवलेलं कर्म

मराठी माणसाच्या तोंडी रोज येणाऱ्या इंग्रजी क्रियापदांत ‘ॲडजस्ट’चा नंबर बराच वर लागतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचं असलं की ‘काका, जरा ॲडजस्ट करा’. दुकानदाराकडे सुट्टे नसले की ‘पुढच्या वेळी ॲडजस्ट करू’. आणि लग्न ठरलेल्या मुलीला मावश्या-आत्यांचा ठरलेला सल्ला: ‘सुरुवातीला थोडं ॲडजस्ट करावं लागतं गं.’ सरकून घेणं, भागवून नेणं आणि निमूट सोसणं, अशी तीन कामं हा शब्द आपल्याकडे एकट्यानं करतो. लंडनच्या माणसाला यातलं पहिलं वाक्य ऐकवलं तर तो बहुधा विचारेल, ‘काय ॲडजस्ट करू?’ घड्याळ, खुर्ची की टाय? त्याच्या कानाला इथे कर्म हवं असतं. आपण ते कधीच गाळून टाकलं आहे.

गंमत अशी की मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे ती आपली चौथी सीटच. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे लगत, शेजारी. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘जवळ आणणं’ या अर्थाचं क्रियापद झालं आणि जुन्या फ्रेंचमध्ये ते ‘जोडणं’ या अर्थानं आलं. आजच्या फ्रेंचमधलं ‘आजुते’, म्हणजे भर घालणं, हे त्याचंच सरळ वंशज. पण सोळाव्या शतकात फ्रेंच पंडितांना शब्दांची वर्तनी ‘शुद्ध’ करण्याचा नाद लागला. त्यांनी या शब्दाचा बाप चुकीचा ठरवला. त्यांना वाटलं, हा ‘युस्तुस’वरून, म्हणजे ‘न्याय्य, योग्य’ यावरून आला असणार. दत्तक गेलेल्या शब्दानं नव्या घराण्याचे गुण उचलले आणि ‘जवळ आणणं’चं ‘बरोबर करणं’ झालं. इंग्रजीनं चौदाव्या शतकाच्या अखेरीस याचं एक जुनं रूप घेतलं होतंच. 1600च्या सुमारास हा दुरुस्त केलेला अवतार पुन्हा आयात केला.

‘युक्स्ता’च्या मागे भाषाशास्त्रज्ञ जो आदिम धातू मानतात, त्याच धातूपासून संस्कृतातला ‘युज्’ आला. योग, बैलाच्या मानेवरचं जू ही त्याचीच पिलावळ. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी ॲडजस्टमेंटला ‘समायोजन’ हा प्रतिशब्द योजला, त्यातला ‘योजन’ही तोच.

नवा अर्थ कारखान्यांत छान रुजला. फ्रान्सच्या टांकसाळीत ‘आज्युस्तर’ नावाचा कारागीर असे. छाप मारण्याआधी धातूची प्रत्येक चकती तो तोलून बघे. जड भरली तर कानशीनं घासून वजनाला आणायची, हलकी निघाली तर पुन्हा मुशीत. त्या काळच्या काही नाण्यांवर कानशीचे ओरखडे अजून दिसतात आणि नाणेसंग्राहक त्यांना ‘ॲडजस्टमेंटच्या खुणा’च म्हणतात. चकती कोणाची, वजन किती हवं, हे आधी ठरलेलं. आणि जास्त घासली गेली तर ते कारागिराचं चुकलं, चकतीचं नव्हे.

या शब्दाचा सगळ्यात खानदानी काळ मात्र समुद्रावरचा. वादळात जहाज वाचवायला काही माल पाण्यात फेकावा लागतो. मग बुडालेल्या मालाचा तोटा एकट्या त्या व्यापाऱ्यानं का सोसावा? त्याच्यामुळे ज्यांचं वाचलं, त्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात तो भरून द्यावा, असा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावानं सहाव्या शतकातल्या रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात नोंदलेला आहे. या वाटणीला इंग्रजीत ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. (‘ॲव्हरेज’ हा शब्द नुकसान या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असं मानतात. म्हणजे फलंदाजाची सरासरी निघाली ती खराब झालेल्या मालातून!) हा हिशेब करणारा माणूस म्हणजे ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’. त्यांची संघटना लंडनमध्ये 1869 साली स्थापन झाली. हा धंदा जुनाट वाटला तरी मेलेला नाही. मार्च 2021मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज आडवं होऊन रुतलं, तेव्हा जहाजाच्या मालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं होतं. त्या जहाजावरचे 25 खलाशी भारतीय होते, हे आपल्या वर्तमानपत्रांनी छापलं. हजारो कंटेनरांच्या मालकांना खर्चाचा वाटा उचलण्याची हमी द्यावी लागली, हे त्या मानानं कमी जणांनी वाचलं.

इथवर ॲडजस्ट होत होती ती वस्तू किंवा रक्कम. माणूस त्यात ओढला गेला एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला मोठा हातभार लागला इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा. आतल्या संबंधांनी बाहेरच्या संबंधांशी सतत ॲडजस्ट होत राहणं म्हणजेच जीवन, अशी व्याख्या त्यानं केली. हाच स्पेन्सर आपल्याकडे आगरकरांनी मनापासून वाचला. त्यांच्यावर जॉन स्टुअर्ट मिलइतकाच स्पेन्सरचाही प्रभाव होता. पण भोवतालाशी जुळवून घेण्याच्या बाबतीत त्यांनी गुरूचं काही ऐकलं नाही. 1887मध्ये ‘केसरी’ सोडला, 1888मध्ये ‘सुधारक’ काढला आणि पुणेकरांचा रोष ओढवून घेतला.

अमेरिकन मानसशास्त्रानं पुढचं काम केलं. 1934 साली ह्यू बेल यांची ‘ॲडजस्टमेंट इन्व्हेंटरी’ आली. घर, प्रकृती, समाज, भावना अशा कप्प्यांतल्या प्रश्नांना हो-नाही म्हणायचं आणि शेवटी गुण मोजायचे. 1936मध्ये लॉरन्स शॅफर यांनी याच विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलं. ज्याचं जमलं नाही तो ‘मॅलॲडजस्टेड’. आता कारागीर नाहीसा झाला, कानसही दिसेनाशी झाली. चकतीनंच स्वतःला घासून घ्यायचं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर क्रियापद अकर्मक झालं, आणि माझ्या मते सगळा घोटाळा इथेच झाला.

तो घोटाळा थेट मानसशास्त्रज्ञांच्याच तोंडावर सांगितला मार्टिन ल्यूथर किंग यांनी. सप्टेंबर 1967मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात ते म्हणाले की वंशभेद, धर्मांधता, लष्करशाहीचं वेड यांच्याशी आपण कधीच ॲडजस्ट होता कामा नये. ‘सर्जनशील मॅलॲडजस्टमेंट’च्या प्रसारासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था काढायला हवी, असंही त्यांनी सुचवलं. सात महिन्यांनी त्यांचा खून झाला.

महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत या शब्दाचा मराठी अवतार अजून जुन्या वळणाचा आहे. शाळेतली पटसंख्या घटली की ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ होतं. शिक्षक वैतागतात, पण कोणाला कुठल्या शाळेत टाकलं हे निदान कागदावर असतं. घरात तेवढंही नसतं. तिथे ‘ॲडजस्ट कर’ म्हणणाऱ्याचं नाव वाक्यात येत नाही, काय आणि किती सोडायचं तेही येत नाही. म्हणून लग्नाच्या बैठकीत हा शब्द निघाला की मुलीकडच्या कोणीतरी लंडनच्या माणसासारखं सरळ विचारावं: काय, किती, आणि तुमचा वाटा किती?