दोषाचा धनी : जनरल लाँगस्ट्रीट आणि त्यांचे वादग्रस्त आत्मवृत्त

१/१३
१८९६ साली फिलाडेल्फियाहून एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला : 'फ्रॉम मॅनॅसस टू ॲपोमॅटॉक्स'. लेखक होते पंचाहत्तर वर्षांचे जेम्स लाँगस्ट्रीट, अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेच्या बाजूने लढलेले सेनानी. ग्रंथाचा विषय युद्ध असला, तरी त्याचे प्रयोजन होते युद्धानंतर त्यांच्यावर झालेल्या आरोपांना उत्तर देणे.

२/१३
गुलामगिरी टिकवण्यासाठी ११ राज्ये संघराज्यातून फुटली आणि युद्ध पेटले. वेस्ट पॉइंटमध्ये शिकलेले लाँगस्ट्रीट या फुटीर पक्षात सामील झाले. व्हर्जिनियातील दक्षिणी सैन्याचे प्रमुख रॉबर्ट ली यांचा ते उजवा हात मानले जात. सैन्याच्या पहिल्या कोअरचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

३/१३
वादाचे मूळ आहे पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे, १ ते ३ जुलै १८६३ च्या लढाईत. पहिल्या दिवशी दक्षिणेची सरशी झाली, परंतु उत्तरेच्या सैन्याने गावाजवळच्या टेकड्यांवर पाय रोवले. समोरून धडक न देता शत्रूच्या डाव्या बगलेला वळसा घालावा, सोयीची जागा धरावी आणि त्यालाच हल्ला करण्यास भाग पाडावे, असे लाँगस्ट्रीट यांचे मत होते. ली यांनी ते मानले नाही.

४/१३
दुसऱ्या दिवशी लाँगस्ट्रीट यांचा हल्ला सुरू होईपर्यंत दुपारचे चार वाजले. तिसऱ्या दिवशी सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या मैदानातून तोफांच्या माऱ्यासमोर चालत गेले. हीच ती 'पिकेटची चढाई'. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठार, जखमी वा कैद झाले. या चढाईची आज्ञा देताना आपल्या तोंडून शब्द फुटला नाही, आपण केवळ मान झुकवली, असे लाँगस्ट्रीट आत्मवृत्तात लिहितात.

५/१३
त्या दिवशी परतणाऱ्या सैनिकांसमोर ली यांनी पराभवाचा दोष स्वतःकडे घेतला होता. १८७० मध्ये ली निवर्तले आणि चित्र पालटले. १८७२ मध्ये जुबाल अर्ली या माजी सेनानीने एका व्याख्यानात लाँगस्ट्रीट यांना दोषी धरले. पुढच्याच वर्षी विल्यम पेंडलटन यांनी त्यावर कडी केली : ली यांचा हुकूम २ जुलैच्या सूर्योदयालाच हल्ला करण्याचा होता, लाँगस्ट्रीट यांच्या दिरंगाईने विजय हातचा गेला.

६/१३
लाँगस्ट्रीट यांनी ली यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांकडे पत्रांद्वारे विचारणा केली. टेलर, व्हेनेबल, मार्शल, लाँग यांपैकी एकालाही असा हुकूम ठाऊक नव्हता. 'सूर्योदयाच्या हुकुमा'चा आधार तेथेच ढासळला. तरीही आरोप मात्र पुढे कित्येक दशके टिकला. असे का झाले?

७/१३
याचे उत्तर गेटिसबर्गमध्ये नव्हे, न्यू ऑर्लिन्समध्ये मिळते. युद्धानंतर लाँगस्ट्रीट तेथे स्थायिक झाले. पराभव मान्य करून नव्या कायद्यांनुसार वागावे, असे १८६७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. या कायद्यांनी कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला होता. लाँगस्ट्रीट लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षात गेले. विजयी सेनापती ग्रँट हे त्यांचे जुने मित्र. राष्ट्राध्यक्ष होताच ग्रँट यांनी त्यांना बंदराच्या जकात खात्यात अधिकारपद दिले.

८/१३
१४ सप्टेंबर १८७४ रोजी 'व्हाइट लीग' या सशस्त्र गोऱ्या संघटनेने न्यू ऑर्लिन्समध्ये राज्य सरकार उलथून टाकण्यासाठी हल्ला केला. सरकारच्या बाजूने पोलीस आणि मुख्यतः कृष्णवर्णीय असलेले मिलिशिया दल उभे होते. त्यांचे नेतृत्व लाँगस्ट्रीट करत होते. समोर दक्षिणेचेच अनेक माजी सैनिक होते. लाँगस्ट्रीट जखमी झाले, पकडले गेले. दक्षिणेतील असंख्य गोऱ्यांच्या लेखी हा अपराध अक्षम्य ठरला.

९/१३
याच काळात 'लॉस्ट कॉज' ही मिथ्यकथा आकार घेत होती. युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, ली कधी चुकलेच नाहीत, ही तिची गृहीतके. मग ली निर्दोष असतील, तर गेटिसबर्गचे खापर फोडायला दुसरे कोणाचे तरी डोके हवे होते. 'फितूर' ठरलेले लाँगस्ट्रीट त्यासाठी आयतेच सापडले.

१०/१३
म्हणून त्यांचे आत्मवृत्त शब्दशः खरे मानावे काय? तसेही नाही. १८८९ मध्ये त्यांचे घर जळाले आणि त्यात अनेक कागदपत्रे नष्ट झाली. लेखन झाले ते तीन दशकांनंतर, मनात कटुता साठलेली असताना. शिवाय दुसऱ्यावर दोष ढकलण्याची सवय त्यांनाही होती. १८६२ च्या सेव्हन पाइन्स लढाईत ते स्वतः चुकीच्या रस्त्याने गेले, पण अहवालात ठपका ठेवला सहकारी ह्यूगर यांच्यावर.

११/१३
त्यांचा प्रत्येक दावा म्हणूनच वेगवेगळा तपासावा लागतो. ली यांच्याशी मतभेद झाला होता का? होय, लढाईनंतर तीनच आठवड्यांनी काकांना लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. मोहिमेत बचावात्मक लढण्याचे ली यांनी आधीच मान्य केले होते का? त्याला स्वतंत्र पुरावा नाही. २ जुलैला विलंब झाला का? झाला, पण हल्ल्याचा हुकूमच सकाळी अकराच्या सुमारास निघाला, आणि शत्रूच्या नजरेत येऊ नये म्हणून सैन्याला मागे फिरून दुसरी वाट धरावी लागली.

१२/१३
लाँगस्ट्रीट १९०४ मध्ये वारले. दक्षिणेत त्यांचे पुतळे फारसे उभे राहिले नाहीत. मायकेल शारा यांची 'द किलर एंजल्स' (१९७४) ही कादंबरी आणि तिच्यावरील १९९३ चा चित्रपट यांनी सामान्य वाचकाला त्यांची बाजू दाखवली. गेटिसबर्गच्या रणभूमीवर त्यांचा पुतळा उभारला गेला तो १९९८ मध्ये, लढाईनंतर १३५ वर्षांनी.

१३/१३
सैनिकाचे आत्मवृत्त दोन काळांची साक्ष देते : ज्या काळाविषयी ते लिहिले त्याची, आणि ज्या काळात लिहिले त्याचीही. लाँगस्ट्रीट यांच्या ग्रंथात १८६३ ची लढाई जेवढी आहे, तेवढाच १८७४ चा न्यू ऑर्लिन्सचा रस्ताही आहे. त्यांच्यावर आरोप करणाऱ्यांची व्याख्यानेही याच नजरेने वाचायला हवीत.