अपघात, शस्त्रक्रिया आणि जखमीचा शब्द

अपघातात सापडलेल्या माणसावर शस्त्रक्रिया करायची की नाही हे कोणी ठरवायचे, याचा नियम भारतात १८६० पासून लेखी आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मधले उदाहरणच अपघाताचे: घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्याची कवटी सर्जनने, तो शुद्धीवर येण्याआधी, त्याच्या भल्यासाठी उघडली तर तो गुन्हा नाही. पण हा नियम सगळीकडे एकदम लागू झाला नाही: केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते. ही संहिता तिथे पोचली ती संस्थान विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये.

शुद्धीवर असलेल्या जखमीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरने फळ्या बांधून पाय स्थिर केला. नंतर त्याला टॅक्सीने पुण्याला नेले. तिथे भूल न देता, केवळ मॉर्फियावर, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच रात्री तो दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते; त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यावा का, कोणता उपचार करावा हे ठरवताना आणि तो उपचार करताना डॉक्टरने काळजी घ्यावी, असे न्यायालयाने सांगितले. ठरवणारा मात्र डॉक्टरच. रुग्णाला काय सांगावे, काय विचारावे याला त्यात जागा नव्हती, आणि एवढ्या महत्त्वाच्या निकालातली ही मोठी उणीव आहे.

१९८९ च्या परमानंद कटारा निकालाने जखमीला पोलिसी सोपस्कारांसाठी ताटकळत ठेवण्यास मनाई केली. रुग्णाच्या होकाराला खरा अर्थ आला तो २००८ मध्ये, समीरा कोहली खटल्यात. तो अपघाताचा नव्हता, पण नियम सर्वांना लागू झाला: उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि नकाराचे परिणाम रुग्णालाच सांगायचे; तो सज्ञान आणि सक्षम असेल तर आईची सहीदेखील चालत नाही.

मळणीयंत्रात चिरडलेला हात घेऊन नांदूरघाटचा मजूर अंबाजोगाईला किंवा बीडला पोचतो, तेव्हा या नियमाची कसोटी लागते. हात वाचवायचा तर अनेक शस्त्रक्रिया, जंतुसंसर्गाची भीती, महिनोन्महिने बुडणारी मजुरी. कापला तर ऊसतोडीचा कोयता कायमचा सुटतो. हाडामांसाचे सर्जनला कळते, घरच्या उचलीचे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांचे, जखमीला. तरी ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टरसाहेब’ म्हणत नातेवाईक सही करून टाकतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये कलम ९२ ची जुनी सवलत कायम आहे. जखमी होकार देऊ शकत नसेल आणि वेळेत विचारायला पालकही नसेल, तरच ती लागू होते.